परदेशीं सेवेस निघणाऱ्याचें घर

प्रभूच्या कामासाठीं दोन-तीन वर्षें परदेशीं जाण्याचें पाचारण एखाद्या तरुण उपदेशकास झालें, आणि त्याच्या घरीं थकलेली आई, पत्नी व दोन लहान मुलें असलीं, तर त्यानें जावें कीं राहावें? पूर्वीं हा प्रश्न गोऱ्या मिशनऱ्यांचा समजला जाई. ते येत, आपले लोक त्यांचें स्वागत करीत. मागें त्यांच्या घरीं काय होई तें येथें कोणास दिसत नसे. आतां हिंदुस्थानांतील मंडळ्यांतूनच माणसें दूरदेशीं सेवेस जातात. निघणाऱ्याचें घर आपल्याच गल्लींत असतें, आणि त्याच्या दाराशीं बसलेली म्हातारी आपणांस रोज दिसते. म्हणून या प्रश्नाचा विचार आपण टाळूं नये.

तयारी म्हटली म्हणजे पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, थंडीचे कपडे, विमानांत नेतां येईल तेवढेंच वजन, या गोष्टी प्रथम मनांत येतात. आफ्रिकेंतील कित्येक देशांत जावयाचें तर पीतज्वराची लस टोंचून घ्यावी लागते, व तिचा दाखला दहा दिवसांनंतरच लागू होतो. म्हणून शहाणा मनुष्य तारीख मोजून ती आधींच घेतो. या सर्व तयारीस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. पण नवल असें कीं, जो मनुष्य लशीसाठीं दहा दिवस मोजतो तोच आपल्या आईस ही बातमी सांगावयास निघण्याच्या आदल्या आठवड्याची वाट पाहतो. "उगाच आधींपासून कशाला रडवावयाचें?" असें तो म्हणतो. आम्हांस वाटतें कीं, तो आईच्या अश्रूंस भीत नसून तिच्या प्रश्नांस भितो.

घर सोडून जाणें म्हणजे काय, हें बीड जिल्ह्यांतील वाचकांस आम्ही शिकवावें असें नाहीं. दसरा-दिवाळी झाली कीं मुकादमाची उचल घेतलेलीं जोडपीं कोयते, भांडीं, गोधड्या व लहान लेंकरें गाडींत घालून ऊस तोडावयास निघतात. कोणी सांगली-कोल्हापुराकडे, कोणी सोलापुराकडे, कोणी कर्नाटकांत. पांच-सहा महिने वाडे-वस्त्या ओस पडतात. मागें राहतात तीं म्हातारीं माणसें, आणि शाळेसाठीं ठेवलेलीं त्यांचीं नातवंडें. आमच्या मंडळ्यांतील कितीएक कुटुंबें त्या गाड्यांत असतात, व त्या महिन्यांत उपासनेस मंदिराचा अर्धा भाग रिकामा राहतो. अशा वेळीं निघणारी बाई काय करते? ती म्हाताऱ्यांपुरतें धान्य काढून ठेवते. शेजारणीस चुलीवर लक्ष ठेवावयास सांगते. वाण्याकडे उधारीचा शब्द टाकते. शेळी कोणाच्या दावणीला बांधावयाची तें ठरविते. आणि सासूच्या औषधाची चिठ्ठी नातीच्या हातीं देते. तिला कोणी सेमिनरींत शिकविलेलें नसतें. पण घर सोडण्याचा धर्म तिला कळतो.

तरी पण तिच्यांत व उपदेशकांत एक भेद आहे, आणि तो आम्हांस मोठा वाटतो. ऊसतोडीस जाणारीं माणसें पोटासाठीं जातात. घरीं राहिलीं तर घरांतील सर्वांचीच उपासमार. म्हणून त्यांच्या जाण्याबद्दल मागें राहिलेल्यांची तक्रार नियतीविरुद्ध असते, माणसाविरुद्ध क्वचितच असते. परदेशीं सेवेस जाणारा मात्र जाण्याचें निवडतो. त्याला कोणी हांकलीत नाहीं. जें आपण निवडलें त्याची किंमत दुसऱ्यानें भरावी, हें कोणत्या न्यायानें?

यावर उत्तर तयार असतें: "मीं निवडलें नाहीं, देवानें मला निवडलें." हें उत्तर खोटें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. आमचा स्वतःचा पाचारणावर विश्वास आहे. तो नसता तर आम्ही पाळक झालों नसतों. परंतु हें उत्तर ज्या घरांत उच्चारलें जातें त्या घरांत त्याचा काय परिणाम होतो तो पाहा. पत्नी म्हणते, "मुलीचा दमा वाढला आहे." नवरा म्हणतो, "देवाचें बोलावणें आहे." आतां त्या बिचारीनें काय म्हणावें? ती नवऱ्याशीं बोलत होती. एकदम तिला देवाशीं भांडणारी ठरविण्यांत आलें. ती गप्प बसते. आणि मग मंडळींत सांगण्यांत येतें कीं बाईनें मोठ्या आनंदानें संमति दिली.

आपल्या प्रभूनें अशा बोलण्याचा एक नमुना मार्काच्या सातव्या अध्यायांत उघडा पाडला आहे. आईबापांस जें द्यावयाचें तें देवाला अर्पण झालें, तें कुर्बान आहे, असें म्हणून हात झाडणाऱ्या लोकांस त्यानें काय म्हटलें तें वाचकांस ठाऊक आहे. लक्षांत घ्या कीं, तीं माणसें तो पैसा चैनींत उडवीत होतीं असें तेथें म्हटलेलें नाहीं. देवाच्याच नांवानें तें चाललें होतें, आणि म्हणूनच तो दोष इतका जड झाला.

कोणी म्हणेल, त्याच प्रभूनें बापाला पुरून येतों म्हणणाऱ्यास थांबूं दिलें नाहीं, नांगराला हात घालून मागें पाहणाऱ्यास नालायक ठरविलें, त्याचें काय? तीं वचनें कठीण आहेत, व त्यांची धार बोथट करावी अशी आमची इच्छा नाहीं. ज्याच्या जाण्याची वेळ कधींच येत नाहीं, ज्याला आज नांगरणी, उद्यां सोयरीक, परवां बाजार, अशा मनुष्यासाठीं तीं आहेत. पण अलीशा बारा जोडी बैलांमागें नांगरीत असतां एलीयानें त्याच्यावर झगा टाकला, तेव्हां आईबापांचा निरोप घेऊन येतों असें तो म्हणाला, व एलीयानें त्याला जाऊं दिलें. त्यानें बैल कापले, औतांच्या लांकडावर मांस शिजविलें, लोकांस जेवूं घातलें, आणि मग तो उठून गेला. तो परत फिरला नाहीं. पण न सांगतांही गेला नाहीं. आणि वधस्तंभावर, श्वास घेणें कठीण झालें असतां, प्रभूनें योहानाच्या हातीं आपली आई सोंपविली. जगाच्या तारणाचें काम चालू असतां एका विधवेच्या राहण्या-जेवण्याची व्यवस्था करावयास त्याला सवड झाली. त्या घटकेस ज्याला सवड झाली, त्याच्या सेवकास तिकिटाच्या गडबडींत ती होऊं नये काय?

आतां एक उदाहरण सांगतों. तें सांगतांना आम्हांस संकोच वाटतो, कारण त्या मनुष्याचें ऋण आम्हां मराठी ख्रिस्ती लोकांवर फार आहे. डॉ. विल्यम केरी यांनीं सन १७९३ मध्यें इंग्लंड सोडलें. त्यांच्या पत्नी डॉरोथीबाई जावयास तयार नव्हत्या. त्या गरोदर होत्या. समुद्र त्यांच्या ओळखीचा नव्हता. हिंदुस्थान म्हणजे काय याची त्यांस कल्पना नव्हती. तेव्हां केरी आपला थोरला मुलगा फेलिक्स यास घेऊन, बायकोला मागें ठेवून, जहाजावर चढले. परंतु कंपनी सरकारचा परवाना नसल्यामुळें त्यांना उतरावें लागलें. मधल्या काळांत बाई बाळंत झाल्या. केरी व त्यांचे सोबती टॉमस हे पुन्हां त्यांच्याकडे आले. बाईंनीं आधीं पुन्हां नाहीं म्हटलें. मग टॉमस यांनीं निकराचा आग्रह केला कीं, आतां आलां नाहीं तर कुटुंबाची कायमची ताटातूट होईल आणि तुम्हांस जन्मभर पश्चात्ताप होईल. बहीण बरोबर येत असेल तर मी येतें, असें शेवटीं त्या म्हणाल्या. लगोलग सामान बांधण्यांत आलें, व जून महिन्यांत एका डॅनिश जहाजानें, अंगावरचें तान्हें घेऊन, त्या निघाल्या.

पुढच्याच वर्षीं, १७९४ त, बंगाल्यांत त्यांचा पांच वर्षांचा पीटर हगवणीनें गेला. त्यानंतर लवकरच बाईंच्या मनावर परिणाम झाला. तो सुधारला नाहीं. कित्येकदां त्यांना खोलींत बंद ठेवावें लागे. सन १८०७ च्या डिसेंबरांत त्या श्रीरामपूर येथें वारल्या.

सन १८०५ मध्यें केरींचें मराठी व्याकरण छापलें गेलें. त्याच वर्षीं मत्तयाचें शुभवर्तमान मराठींत निघालें, आणि १८११ मध्यें संपूर्ण नवा करार. या कामीं वैजनाथ पंडितांची त्यांना मोठी मदत झाली. म्हणजे ज्या वर्षीं आपल्या भाषेंत प्रभूचीं वचनें प्रथम छापलीं जात होतीं त्या वर्षीं डॉरोथीबाई जिवंत होत्या, आणि भ्रमिष्ट होत्या. आपण मत्तय उघडतों तेव्हां या बाईंची आठवण किती जण करतात? त्यांच्याबद्दल कांहीं लेखकांनीं असें लिहिलें आहे कीं, थोर पुरुषाला साजेशी बायको मिळाली नाहीं. हें वाक्य आम्हांस निर्दय वाटतें. त्या बाईंनीं आपलें मन आधींच स्पष्ट सांगितलें होतें. त्यांचें नाहीं ऐकण्यांत आलें, पण तें मोजण्यांत आलें नाहीं. आणि त्यांचें होय मात्र घाईनें पदरांत पाडून घेण्यांत आलें.

मग केरींनीं जाऊं नये होतें काय? असें म्हणण्याचें धैर्य आम्हांस होत नाहीं. ज्या ताटांत आपण जेवलों त्या ताटाला लाथ मारावी तशी ती गोष्ट होईल. पण फळ गोड निघालें म्हणून झाड लावण्याची रीत बरोबर होती, असेंही ठरत नाहीं. देव मनुष्याच्या घाईंतूनही आपलें काम साधून घेतो. त्यावरून घाईला त्याची मान्यता आहे असें समजूं नये.

याच्या उलट रीत अडोनिराम जडसन यांची. सन १८१० मध्यें त्यांनीं अ‍ॅन हॅसेल्टाइन हिला मागणी घालतांना तिच्या बापास पत्र लिहिलें. त्यांत गोड आश्वासन एकही नव्हतें. मुलगी पुन्हां या जगीं दृष्टीस पडणार नाहीं; समुद्र, उष्ण हवा, दारिद्र्य, छळ, कदाचित् भयंकर मृत्यु, हें सर्व समोर आहे; तरी तुम्ही तिला जाऊं द्याल काय, असें त्यांनीं सरळ विचारलें. बापानें निर्णय मुलीवर सोंपविला, व तिनें विचार करून तो केला. ती १८२६ त ब्रह्मदेशांत वारली. दुःख येथेंही टळलें नाहीं. परंतु जिनें तें सोसलें तिला तें आधीं दाखविलें होतें, आणि नाहीं म्हणण्याची वाट तिच्यापुढें मोकळी होती.

जडसन यांच्याबरोबरच ज्यांची दीक्षा झाली ते गॉर्डन हॉल १८१३ च्या फेब्रुवारींत मुंबईस पोहोंचले. अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ तेथून झाला. सन १८२५ त, मुलांच्या प्रकृतीसाठीं, त्यांनीं पत्नी व दोघां मुलांस अमेरिकेस पाठविलें व आपण येथें राहिले. थोरला मुलगा वाटेंतच गेला. पुढच्या मार्चांत हॉलसाहेब नाशिक-त्र्यंबकाकडे फेरीवर असतां पटकीनें एका खेड्यांत वारले. त्यांचें वय अवघें एकेचाळीस होतें. हॉलसाहेबांची विधवा समुद्रापलीकडे होती, आणि त्या काळीं पत्रास महिनेच्या महिने लागत. पति जिवंत आहे या समजुतीनें तिनें किती दिवस प्रार्थना केली असेल!

आपल्या मुलखांतील लोकांसही ही गोष्ट नवी नाहीं. गोदावरीपलीकडे, जालना जिल्ह्यांत, जांब हें गांव आहे. तेथील नारायण लग्नाच्या मांडवांतून उठून गेला, नाशिकजवळ टाकळीस बारा वर्षें राहिला, आणखी बारा वर्षें देशभर हिंडला, आणि रामदास होऊन घरीं आला, तेव्हां आई राणूबाई हिची दृष्टि गेलेली होती, असें बखरी सांगतात. पुत्रानें हात फिरवितांच ती तिला परत आली, असेंही त्या सांगतात. त्या चमत्काराबद्दल वाद घालण्याचें आम्हांस प्रयोजन नाहीं. आम्हांस निराळाच प्रश्न पडतो. ती चोवीस वर्षें त्या माउलीला पाण्याचा तांब्या कोणी दिला? थोरला भाऊ गंगाधर घरीं होता. त्यानें संसार केला, घर राखलें, आई सांभाळली. हिंडणाऱ्या भावाला जगानें समर्थ म्हटलें. आणि घरीं राहिलेल्या या भावाला सांप्रदायिक लोक श्रेष्ठ म्हणत आले आहेत. कोणी कोणत्या अर्थानें तें नांव दिलें असो, आम्हांस तें फार योग्य वाटतें.

आपल्या मंडळींत श्रेष्ठांची कदर होत नाहीं. जो जातो त्याला हार. जो भाऊ राहतो, ज्याच्या अंगावर आईचें आजारपण, बहिणीचें बाळंतपण आणि दोन एकरांची कोरडवाहू शेती पडते, त्याला हाराची शिल्लक फुलेंसुद्धां मिळत नाहींत. खरें म्हटलें तर परदेशीं एक मनुष्य गेला असें कधींच होत नाहीं. दोघे सेवेंत असतात. एकाचें नांव अहवालांत येतें, इतकेंच.

बायकांबद्दल येथें एक शब्द लिहिणें भाग आहे. पंडिता रमाबाई १८८६ त अमेरिकेस गेल्या, आणि पुढें लहानग्या मनोरमेला इंग्लंडांत वाँटेज येथील भगिनींकडे परत धाडून आपण व्याख्यानें देत व विधवांच्या शाळेसाठीं साह्य मिळवीत तेथें राहिल्या. त्यांतून १८८९ च्या मार्चांत शारदासदन उघडलें. आई असून लेंकरास दूर कसें ठेवलें, हा आक्षेप लोकांच्या तोंडीं चटकन येतो. तोच आक्षेप बापावर कोणी घेत नाहीं. बाप गेला तर त्याग, आणि आई गेली तर निष्काळजीपणा, हें माप दोन्हींकडे सारखें नाहीं. जें आईस विचारावयाचें तें बापासही विचारावें.

जालन्याचे रे. नारायण शेषाद्री यांचेंही स्मरण होतें. बेथेल वसविणारा हा पुरुष १८७३ त न्यूयॉर्कच्या मोठ्या ख्रिस्ती परिषदेस गेला होता, आणि १८९१ त परदेशच्या दुसऱ्या एका प्रवासांत समुद्रावरच वारला. घरीं परत येणें हें निघणाऱ्याच्या हातीं नसतें. विमानें झालीं, तरी तें अद्याप त्याच्या हातीं आलेलें नाहीं.

हल्लीं लोक म्हणतात, आतां मोबाईल आहे, रोज तोंड दिसतें, दूर गेल्यासारखें वाटतच नाहीं. जाणाऱ्याला वाटत नसेल. आवाज येतो ही मोठी देणगी आहे. हॉलसाहेबांच्या पत्नीनें तिच्यासाठीं काय दिलें नसतें! पण पडद्यावरचा मुलगा आईला धरून मोरीपर्यंत नेऊं शकत नाहीं. मुलाच्या तापांत रात्रीं दोन वाजतां अंबाजोगाईच्या दवाखान्यापर्यंत गाडी काढूं शकत नाहीं. आणि फोनचा एक धोका असा कीं, त्यावर घरचीं माणसें सर्व ठीक आहे असेंच सांगतात.

तर मग आई किंवा पत्नी नाहीं म्हणाली, तर काय करावें? आमचें मत असें आहे कीं, नाहीं दोन प्रकारचें असतें. एक दुःखाचें असतें: तूं डोळ्यांआड होऊं नको, एवढेंच त्यांत असतें. दुसरें गरजेचें असतें: तूं गेलास तर हें घर उभें राहणार नाहीं. दुःखाचें नाहीं ऐकूनही जातां येईल. तें ओझें बरोबर घेऊन जावें लागेल, आणि तें हलकें झालें असें म्हणूं नये. गरजेचें नाहीं मात्र त्या गरजेची तरतूद होईपर्यंत ओलांडूं नये, मग तिकीट निघालें असलें तरी. पण हें नाहीं कोणत्या प्रकारचें, तें ठरविण्याचें काम जाणाऱ्याच्या हातीं देऊं नये. त्याला सर्वच नाहीं दुःखाचीं वाटणार. मंडळींतील दोन वडील व दोन जाणत्या बाया यांनीं, तो घरीं नसतांना, घरच्यांशीं बसून बोलावें. सुनेशीं सासूसमोर बोलूं नये, आणि सासूशीं सुनेसमोर. पाळकानें तर तेथें नसलेलेंच बरें. आमच्यासमोर लोक जें बोलावें तें बोलतात, जें वाटतें तें बोलत नाहींत.

विचारावयाचें तें बारीकसारीक असावें. सावकाराचें किंवा मुकादमाचें देणें किती? रेशनकार्डावर नांवें कोणाचीं? बँकेतून पैसे काढावयास आईचा अंगठा चालतो कीं मुलाची सही लागते? शेत कोण करणार, आणि बटाईचा वाटा कागदावर आहे कीं तोंडी? मुलांच्या शाळेंत सही कोण करणार? परत येण्याचा महिना कोणता, आणि तो टळला तर विचारावयाचा अधिकार कोणाला? प्रार्थनेंत अशा गोष्टी आणणें कांहीं लोकांस हलकें वाटतें. वधस्तंभावरील प्रभूला तें हलकें वाटलें नाहीं, हें वर आलेंच आहे.

निरोपाच्या सभेबद्दल एक सूचना करून हें पत्रक पुरें करतों. आमच्या इकडे जाणाऱ्यास मध्यें बसवितात, शाल घालतात, चार भाषणें होतात, आणि आई बायकांत मागें कोठें तरी भिंतीला टेकून बसलेली असते. यापुढें तिची चटई पुढें घालावी. जाणाऱ्यानें आपली साक्ष दिल्यावर मंडळीनें उभें राहून, नांवें घेऊन सांगावें कीं, गुरुवारीं दवाखान्यांत अमका नेईल, पावसाळ्यापूर्वीं पत्रे अमका पाहील, रात्रीं सोबतीला अमकीची मुलगी निजावयास येईल. सेक्रेटरीनें तीं नांवें वहींत लिहून घ्यावीं, व म्हातारीस तीं वाचून दाखवावीं. मग तिला कांहीं बोलावयाचें असेल तर बोलूं द्यावें. ती कदाचित् नुसती रडेल. घाईघाईनें गीत सुरू करून तें रडणें झांकूं नये.